पाच पेट्यांचं दुकान

सकाळी ९
कॅलिफोर्नियातलं माझं वाइनचं दुकान उघडायला तास आहे, पण वितरकाचा ट्रक आलाय. पेटीत ७५० मिलिलीटरच्या १२ बाटल्या. मोजून, बिलाशी ताडून सही करते. उधारी ३० दिवसांची. ती थकली की पुढचा माल रोखीनेच.

सकाळी १०.३०
वितरकाचा विक्री प्रतिनिधी नवा आहे. २०२५ मध्ये रिपब्लिक नॅशनल ही बडी वितरक कंपनी कॅलिफोर्नियातून बाहेर पडली, तिचे ब्रँड इतरांकडे गेले, माणसंही बदलली. हा भावपत्रक पुढे सरकवतो. ५ पेट्यांना एक भाव, ५० पेट्यांना दुसरा. एवढ्या पेट्या माझ्या मागच्या खोलीत मावत नाहीत, आणि मावल्या तरी संपेपर्यंत पैसे अडकतात. खपणारी एक लाल वाइन मागितली, तर म्हणतो, “बघतो. ही रोझे पण थोडी उचला ना.” त्या लाल वाइनची इथली वितरक त्याचीच कंपनी, मग घासाघीस कुणाशी करणार?

दुपारी १
गिऱ्हाईक फोन दाखवतं. एका वाइनचा साखळी दुकानातला विक्रीचा भाव माझ्या खरेदीहून कमी! तिथूनच आणून विकावी, तर ते बेकायदा. दुकानदाराने विक्रीचा माल उत्पादकाकडून किंवा वितरकाकडूनच घ्यायचा. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर राज्यांनी उत्पादक, वितरक आणि दुकानदार वेगळे ठेवले, ते बाजार एकाच्या मुठीत जाऊ नये म्हणून. आता मधलाच गब्बर झालाय.

दुपारी ३
हिशेब करताना एक खटला आठवतो. सर्वांत मोठी वितरक कंपनी सदर्न ग्लेझर्सवर फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४ मध्ये तो भरला. छोट्या दुकानांना तीच बाटली साखळ्यांपेक्षा महाग विकल्याचा आरोप आहे, कंपनीला तो अमान्य आहे. खटल्यामागचा १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा म्हणतो, खर्च खरोखर वाचत असेल तेवढी सवलत द्या. मलाही ते पटतं. एका फेरीत ट्रकभर माल उतरला तर खर्च वाचतोच. पण किती, ते माझ्या बिलावरून कळत नाही.

संध्याकाळी ५
लोडाय गावचा एक द्राक्षबागाईतदार स्वतः बनवलेल्या झिनफँडेल वाइनच्या ३ पेट्या आपल्या गाडीतून आणतो. इथे वाइन बनवणारा थेट दुकानाला विकू शकतो. साखळीला ३ पेट्यांत रस नाही, म्हणून या बाटलीचा भाव कुणी फोनवर दाखवत नाही.

रात्री ८
गल्ला मोजून उद्याची मागणी लिहिते. रोझे नाही, म्हणजे ती लाल वाइनही नाही. ती मागणारे काही जण साखळीकडे जातील, हे धरूनच.