जुन्या गाडीच्या मुठी बदलताना

यामाहा आरएक्स १०० भारतात १९९६पर्यंत बनली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक आरएक्सने पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. इंजिनाची निगा मालक जिवापाड राखतात. मुठींच्या रबराकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. उन्हाने, घामाने ते कडक होतं, तडकतं किंवा बोटांना चिकटू लागतं. हातात सैल फिरणारी मूठ तर धोक्याचीच.

दोन्ही मुठी सारख्या नसतात, हे दुकानातच लक्षात ठेवा. डावी थेट हँडलच्या २२ मिलिमीटर पाइपवर बसते. उजवी ॲक्सिलरेटरच्या नळीवर, म्हणून तिचं भोक मोठं. अदलाबदल झाली तर डावीकडे मूठ सैल फिरत राहील.

जुनी मूठ फेकायचीच असेल तर ब्लेडने उभी चिरा. उजवीकडे हात हलका ठेवा, खाली प्लॅस्टिकची नळी असते. पाइपवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढा, पुसून कोरडा करा. नवी मूठ चढवताना तेल किंवा ग्रीस अजिबात नको. ते सुकत नाही, मूठ कायम घसरते. साबणाचं थोडं पाणी पुरतं. ते सुकायला रात्रभर वेळ द्या.

उजवी मूठ आणि स्विचची पेटी यांत दोन-तीन मिलिमीटर फट हवी. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ पिळा आणि सोडा. ती आपसूक झटकन मागे आली पाहिजे. अडकत असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका.