भजनातली पेटी चर्चच्या ऑर्गनची नात कशी?

कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी पालखी पंढरपूरला निघते. वऱ्हाडात गावोगावच्या भजनांत वाजणारी पेटी मात्र मूळची पॅरिसची!

चर्चचा पाइप ऑर्गन म्हणजे भिंतीएवढं धूड, शेकडो नळ्यांचं. १८४२ मध्ये अलेक्झांडर देबाँने नळ्यांऐवजी धातूच्या पट्ट्या बसवलेल्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांनी ही पायपेटी भारतात आणली. पण ती खुर्चीत बसून, पायाने भाता मारत वाजवायची. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताशी आणला आणि पेटी सतरंजीवर उतरली.

परतफेडही झाली. मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर भाषांतरं ओढूनताणून बसवली जायची. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी अभंगांच्या वळणाची गीतं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात.