महामार्ग संशोधन : प्रयोगशाळेतून रस्त्यावर

चेन्नईतील गिंडी येथील महामार्ग संशोधन केंद्र हे तमिळनाडूच्या महामार्ग विभागाचे संशोधन अंग होय. माती, काँक्रीट, डांबर आदींच्या चाचण्या तेथे होतात. मात्र संशोधनाचे फलित निविदेतील विनिर्देशांत उतरले, तरच त्याचा लाभ रस्त्याला मिळतो.

टाकाऊ प्लॅस्टिकयुक्त डांबरी रस्ता हे याचे बोलके उदाहरण. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. २००२ मध्ये चेन्नईच्या जंबुलिंगम मार्गावर तिचा वापर झाला. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे २०१३ मध्ये आली. पावसाळे व वाहनभार सोसलेल्या रस्त्याचे निरीक्षण अपरिहार्यच असते. प्रशासकीय विलंब मात्र टाळता येतो. संशोधन व्यवस्थापनाची खरी कसोटी तेथेच लागते.