एरंडाचा पाला, एरीची अळी

एरंड आपल्याकडे बांधावर, ओढ्याकाठी आपोआप उगवतो. त्याच्या पाल्याला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. आसामात मात्र याच पानांवर एरी जातीच्या रेशीमअळ्या पाळतात. असमिया भाषेत एरंडाला ‘एरा’ म्हणतात; त्यावरून हे नाव पडले.

तुतीच्या रेशमाचे कोष उकळावे लागतात, कारण आतला पतंग कोष फोडून बाहेर पडला तर अखंड धागा तुटतो. एरीच्या कोषाचे एक टोक मुळातच उघडे असते आणि धागा सलग नसतो; तो कापसासारखा कातावा लागतो. त्यामुळे आतला प्यूपा आधीच काढून घेता येतो. बोडो व इतर अनेक समाजांत हे प्यूपे भाजून किंवा तळून आवडीने खातात. एकाच अळीपासून वस्त्र आणि अन्न!

हे अन्न किती सकस? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या प्यूप्यांत सुमारे १६ ग्रॅम प्रथिने व ८ ग्रॅम मेद आढळला. तेवढ्याच वजनाच्या अंड्यांत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात.

परंतु आकडा वाचून थांबू नये. प्रथिने मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्याला सहसा ६.२५ ने गुणतात. कीटकांच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, पण कायटिन हे प्रथिन नव्हे. म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असतो. शिवाय याच अभ्यासात दुधातील केसीनच्या तुलनेत प्यूप्यांतील प्रथिनांचा शरीराला कमी उपयोग झालेला दिसला.

तरीही कीटकांची एक बाजू भक्कम आहे. ते थंड रक्ताचे असल्याने शरीर उबदार ठेवण्यासाठी त्यांचे अन्न खर्च होत नाही. खाल्लेल्याचा मोठा वाटा वाढीला लागतो. मात्र रानातला कोणताही किडा खाण्याजोगा नसतो. शेतातल्या किड्यांवर कीटकनाशक असू शकते, आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकांचाही त्रास होऊ शकतो.

वर्गात हा विषय निघाला की मुले “शी!” म्हणतील. तेव्हा त्यांना विचारावे: कोळंबीही कीटकांसारखीच संधिपाद, मग ती चवीने खाणाऱ्यांना अळीचीच किळस का? ईशान्येकडच्या ज्या मुलाच्या घरी हे अन्न शिजते, त्याला आपल्या डब्याची लाज वाटू नये, एवढे तरी या धड्यातून साधावे.