गुडघ्याचं ऑपरेशन: ऐकीव किती, खरं किती

फेब्रुवारी २०२५ मध्ये जामनेरला नमो कुस्ती महाकुंभ भरला, तेव्हा परदेशातले मल्लही इथे लढायला आले होते. खान्देशाला कुस्तीचं वेड जुनंच. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातले. या मुलखात दुखावलेले गुडघे दोन ठिकाणी हमखास सापडतात. एक तालमीत, आणि दुसरे शेतात, उकिडवं बसून निंदणी करणाऱ्या नि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बायांचे. दुखणी वेगळी, वयं वेगळी, पण पारावर सल्ले ठरलेले दोनच: "ऑपरेशन करून मोकळे व्हा" किंवा "चिरफाड केली की पाय कायमचा गेला समजा". दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी गुडघ्याला नेमकं झालंय काय, हे विचारलेलं नसतं.

"एमआरआयमध्ये फाटलंय, म्हणजे ऑपरेशन आलंच"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. आपण त्यांना गादी म्हणतो, रिपोर्टात त्यांचं नाव मेनिस्कस. वयाबरोबर केस पिकतात तशी ही गादीही झिजते, कडेला चिरते. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ३५ टक्के लोकांची गादी फाटलेली निघाली, आणि त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात दुखणं, आखडणं काहीच जाणवलं नव्हतं. म्हणजे रिपोर्टात फाट दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच आहे, असं नाही. रिपोर्टात 'ग्रेड टू' लिहिलं असेल, तर ती फाटसुद्धा नव्हे. गादीच्या आत झिजेने झालेला बदल तेवढा आहे.

मग दुर्बिणीतून ही गादी छाटून उपयोग किती होतो? फिनलंडच्या डॉक्टरांनी याचा छडा लावण्यासाठी धाडसी प्रयोग केला. ३५ ते ६५ वयाचे, झिजेने गादी फाटलेले १४६ रुग्ण घेतले. सगळ्यांना भूल दिली, सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. निम्म्यांची गादी छाटली आणि उरलेल्यांच्या बाबतीत फक्त छाटल्याचं सोंग केलं. कुणाचं काय झालं हे रुग्णाला कळू दिलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, अमेरिकेत ४५ च्या पुढच्या ३५१ रुग्णांत ऑपरेशन आणि व्यायाम विरुद्ध नुसता व्यायाम अशी तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांना सारखाच आराम होता. व्यायामाच्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी दरम्यान ऑपरेशन करून घेतलं, हेही सांगायला हवं. व्यायाम सगळ्यांनाच पुरत नाही. पण बाकीच्यांची सुरी टळली.

गुडघा अडकला, पाय सरळच होईना, तर गोष्ट वेगळी. फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो आणि तो व्यायामाने निघत नाही. तरुण मल्लाची गादी झटक्याने ताजी फाटली असेल, तर आज सर्जन ती शक्यतो शिवतात. पूर्वी सर्रास काढून टाकायचे. गादी काढलेला गुडघा पुढे लवकर झिजतो, हे फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४८ मध्येच दाखवलं होतं. ते अंगी मुरायला जगाला काही दशकं लागली.

"लिगामेंट तुटलं, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही"

डाव टाकताना पाऊल जागेवर रुतून राहतं, अंग फिरतं, आत 'कट' असा आवाज होतो आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. बहुतेक वेळा हा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरपा जाणारा बंध तुटल्याचा प्रकार. (आतल्या कडेचा बंध दुखावला असेल तर तो पट्टा आणि व्यायामाने सहसा भरून येतो. वाटी पहिल्यांदाच सरकली असेल तरीही बहुधा ऑपरेशन लागत नाही.)

एसीएलबद्दल स्वीडनमधला अभ्यास डोळे उघडणारा आहे. १८ ते ३५ वयाच्या १२१ रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लगेच केलं, उरलेल्यांना आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती, आणि पाच वर्षांनंतरही व्यायामाच्या गटातल्या सुमारे निम्म्या लोकांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. मात्र या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि व्यायाम म्हणजे महिनोन्‌महिने देखरेखीखालचा व्यायाम होता. उलट बाजूही पाहा. ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यांचा बंध तुटून बराच काळ झाला होता आणि गुडघा तरीही दगा देत होता. त्यांच्यात ऑपरेशनच सरस ठरलं.

तेव्हा खरा प्रश्न बंध तुटला का, हा नाही. पायऱ्या उतरताना, वळताना गुडघा लचकतो का, आणि तुम्हाला त्या गुडघ्याकडून काय काम घ्यायचंय, हा आहे. दुकानात बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाने आधी व्यायाम करून बघावा. आखाड्यात परतायचंच असलेल्या पोराला ऑपरेशनची शक्यता जास्त. लचकत्या गुडघ्यावर लढत राहिला तर गादीही जाते. विनेश फोगाटच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं आणि पुढच्या ऑगस्टात ती पॅरिसला ऑलिंपिकची उपांत्य फेरी जिंकली. त्या दोन तारखांच्या मधल्या मेहनतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

"फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक"

इथेच आपलं घोडं अडतं. दहा दिवस दवाखान्यात जायचं, गुडघ्याला वायरी लावून पडून राहायचं, बरं वाटलं नाही की "फिजिओथेरपी करून झाली" म्हणायचं. वर सांगितलेल्या एकाही अभ्यासात व्यायाम म्हणजे हे नव्हतं. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा स्नायू, आणि दुखावलेल्या पायाची मांडी दोन-तीन आठवड्यांतच बारीक होऊ लागते. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून बघा, डोळ्यांनी दिसतं.

सुरुवात साधी असते. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. मग उताणं झोपून सरळ पाय वीतभर उचलायचा. पुढे खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरी चढणं, एका पायावर तोल सांभाळणं, आणि वजन वाढवत नेणं. व्यायामाने गुडघा आणखी झिजतो ही भीती अनाठायी आहे. बेताचा भार कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, मानवतो. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर बेत कमी करायचा, बंद नाही. हे किमान तीन महिने करायचं.

ऑपरेशन झालं तरी यातून सुटका नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. सरकारी आरोग्य योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बेतलेली आहे. व्यायामासाठी जामनेरहून जळगावला एसटीने मारलेल्या खेपा पेशंटच्याच खिशातून जातात. जळगावात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. तिथे किंवा कुठेही एकदा नीट शिकून घ्या, मग घरी करा आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवून या. रोजच्या खेपा लागत नाहीत.

"वाटी बदलली की माणूस अधू होतो"

नाही. २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला गेला आणि हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नेहमीच्या कृत्रिम सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली. सांधा पुरता झिजला असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर हे ऑपरेशन उत्तम आहे. डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात व्यायामापेक्षा त्याने आराम जास्त दिला, पण गंभीर त्रासही जास्त झाले: २४ विरुद्ध ६. आणि ज्यांना नुसते व्यायाम वगैरे उपचार दिले, त्यांच्यातल्या चौघांपैकी तिघांना पहिल्या वर्षात ऑपरेशन लागलंच नाही.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. मार लागल्यावर गुडघा वाकडा दिसत असेल, पाऊल गार पडलं असेल, बधिर झालं असेल किंवा पायावर उभंच राहता येत नसेल, तर हाडवैद्याकडे ओढून-ताणून घेऊ नका. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली असेल तर काही तासांत पाय जाऊ शकतो. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

बाकी सगळ्या गुडघ्यांना वेळ असतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तर त्यांना तीन गोष्टी विचारा: गुडघा अडकतोय किंवा लचकतोय म्हणून करताय, की फक्त रिपोर्टात दिसतंय म्हणून? तीन महिने व्यायाम करून पाहिला तर नुकसान काय? आणि ऑपरेशननंतरचा व्यायाम कोण, कुठे, किती महिने करून घेणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.