बद्धकोष्ठतेवरील विद्युत अ‍ॅक्युपंक्चर

विद्युत अ‍ॅक्युपंक्चर ही अ‍ॅक्युपंक्चर या मूळच्या चिनी उपचारपद्धतीची एक शाखा होय. तीत शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून त्यांमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. वेदनाशमनासाठी ती विशेष परिचित असली, तरी दीर्घकालीन बद्धकोष्ठतेवरही तिचा वापर होतो. नेहमीच्या उपायांनी पुरेसा आराम न मिळालेल्या रुग्णांसाठी तिचा पूरक उपचार म्हणून विचार केला जातो.

आजाराचे स्वरूप

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ कठीण असणे, जोर करावा लागणे आणि पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना राहणे ही बद्धकोष्ठतेची प्रमुख लक्षणे होत. रोम निकषांनुसार निदानासाठी लक्षणांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी व मागील तीन महिने ती कायम असावीत. मधुमेह, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, लोहाच्या गोळ्या व काही वेदनाशामक औषधे यांमुळेही हा त्रास होतो. म्हणून उपचारापूर्वी कारणाचा शोध आवश्यक असतो.

पद्धत

फ्रेंच वैद्य सार्लांदिएर यांनी १८२५ मध्ये सुयांमधून वीज देण्याच्या उपचारावर लेखन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात चीनमध्ये या पद्धतीचा प्रसार झाला. बद्धकोष्ठतेसाठी बेंबीच्या दोन्ही बाजूंचा थ्यान-शू, त्याखालील फू-च्ये आणि गुडघ्याखाली पायाच्या पुढील बाजूस असलेला शांग-च्यू-श्यू हे बिंदू वापरले जातात. सुयांच्या जोड्या तारांनी उपकरणाला जोडून सुमारे अर्धा तास प्रवाह दिला जातो. त्वचा व स्नायूंतील चेतातंतूंना मिळालेली उत्तेजना स्वायत्त चेतासंस्थेमार्फत मोठ्या आतड्याच्या हालचालींवर परिणाम करते, असे मानले जाते.

परिणामकारकतेचा पुरावा

चीनमधील १५ रुग्णालयांत तीव्र दीर्घकालीन बद्धकोष्ठतेच्या १,०७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला आठ आठवड्यांत २८ वेळा विद्युत अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले. दुसऱ्या गटाला बिंदू नसलेल्या जागी खऱ्यासारखा भासणारा आभासी उपचार मिळाला. उपचारकाळात आठवड्यातून सरासरी तीन वा अधिक वेळा, औषधाविना पोट पूर्ण साफ होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३१.३ टक्के, तर दुसऱ्यात १२.१ टक्के होते. उपचार थांबल्यानंतरच्या १२ आठवड्यांतही हा फरक टिकला. मात्र पहिल्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण या उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाहीत. शिवाय, आपण कोणता उपचार देत आहोत हे सुया टोचणाऱ्यांना ठाऊक होते, ही या चाचणीची मर्यादा होय.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५६० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत प्रुकॅलोप्राईड या औषधाशी तुलना करण्यात आली. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत हेच उद्दिष्ट गाठणारे रुग्ण अनुक्रमे ३६.२ व ३७.८ टक्के होते. म्हणजे हा उपचार औषधापेक्षा कमी प्रभावी ठरला नाही.

सुरक्षितता

सुईच्या जागी दुखणे, किंचित रक्तस्राव व काळे-निळे डाग हे सामान्य दुष्परिणाम होत. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांना विद्युतप्रवाह धोकादायक ठरू शकतो. गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा उपचार घेऊ नये. शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल ही आतड्याच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचे शिक्षण घेऊन कोलकात्यात ही पद्धती रुजवली. महाराष्ट्राने ‘महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५’ हा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार उपचारकांची नोंदणी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

ग्रामीण भागात खरी अडचण वारंवार कराव्या लागणाऱ्या फेऱ्यांची असते. चाचणीतील वेळापत्रकात पहिले दोन आठवडे पाच आणि पुढील सहा आठवडे तीन बैठका होत्या. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकूर-कातकरी वाड्यांमधून उपचारासाठी कर्जत, खोपोली किंवा पनवेलला जायचे, तर २८ बैठका म्हणजे २८ दिवसांचे प्रवासभाडे व बुडालेली मजुरी. त्यामुळे आहारातील तंतुमय पदार्थ, पुरेसे पाणी, इसबगोल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी सारक औषधे हेच पहिल्या टप्प्याचे उपाय ठरतात. त्यांनी गुण न आल्यास आणि गंभीर कारण नसल्याची खात्री झाल्यावर नोंदणीकृत उपचारकाकडून विद्युत अ‍ॅक्युपंक्चर घेण्याचा पर्याय उरतो.