मायना उसना, मजकूर आपला

पदवी परीक्षेचा निकाल लागला की धारूरच्या तरुणापुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता लिहावयाचे कोणाला? ज्या तालुक्यातील कित्येक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घाट उतरून जातात, तेथील पहिल्या पिढीच्या पदवीधराला पुण्या-मुंबईच्या कचेरीत ओळखीचा माणूस कोठून असणार? अनोळखी माणसाला लिहिलेले पत्र हेच त्याचे भांडवल.

आज हे पत्र लिंक्डइनसारख्या माध्यमातून जाते आणि त्याचा मजकूरही तयार मिळतो. नाव बदलले की तोच संदेश शंभर जणांना धाडता येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने या घाईत एका कंपनीच्या अधिकाऱ्याला दुसऱ्याच कंपनीची स्तुती लिहून पाठविली. उत्तर अर्थातच आले नाही.

म्हणून तयार मसुदाच त्याज्य ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने पत्रलेखनाचे ‘मेस्तक’ सांगितले जाते. कोणाला कोणता मायना लिहावा, याचे नमुने त्यात असत. थोरांशी बोलण्याची रीत ज्याला घरी शिकावयास मिळाली नाही, त्याला असा नमुना आधारच देतो. परंतु जुन्या पत्रांत नमस्कारानंतर ‘विनंती विशेष’ हे शब्द येत आणि तेथे उसनेपण संपे. ‘विशेष’ काय, ते लिहिणाऱ्यानेच सांगावयाचे.

अर्थशास्त्रही हेच सांगते. नोकरीची वार्ता जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, असे मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ साली दाखविले. तेव्हा परक्याचे दार ठोठावणे योग्यच. त्याच वर्षी मायकेल स्पेन्स यांनी संकेताचा सिद्धांत मांडला. जो संकेत कोणालाही सारख्याच अल्प खर्चात देता येतो, त्यावरून उमेदवारा-उमेदवारांतील भेद कळत नाही. शंभरांना गेलेल्या मजकुराचे तेच होते. पाठविणाऱ्याला तो फुकट पडतो, खर्ची पडतो तो वाचणाऱ्याचा वेळ. आणि तो वाचणारा दुसऱ्या ओळीवरच थांबतो.

मसुदा अवश्य ठेवावा : मायना, आपले नाव-गाव, एकच विचारणा आणि आभार. मध्ये मात्र दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. एकीत या गृहस्थांनाच का लिहीत आहोत ते, दुसरीत आपण स्वतः काय केले ते. सुट्टीत जिनिंगवर हिशेब लिहिले असतील, तर तसे लिहावे. त्यात कमीपणा कसला? नोकरीच मागण्यापेक्षा त्या कामासाठी काय शिकावे, हे विचारावे. अशाने शंभर पत्रांची दहा होतील, पण ती दहा वाचली जाण्याची आशा तरी राहील.

शहरातल्या मुलाची ओळख त्याचे काका-मामा करून देतात. धारूरच्या मुलाला ती त्या दोन ओळींतच करून द्यावी लागते. त्या लिहावयास शिकविणे हे आम्हा प्राध्यापकांचे काम आहे.